पैलवानाच्या नावाचं रक्त

रक्त खोटं बोलत नाही. माणूस बोलतो, कागद बोलतात, वकील तर दोन्ही बाजूंनी बोलतात. पण रक्त जे असेल तेच सांगतं. किडनीच्या डॉक्टरांनी हे वाक्य आम्हाला पहिल्याच भेटीत ऐकवलं, आणि तेही इतक्या गंभीरपणे की माझी मान आपोआप खाली गेली. रक्त खोटं बोलत नाही हे खरंच आहे. फक्त ते कुणाचं आहे, हे ते सांगत नाही. ते बाटलीवरचं लेबल सांगतं. आणि लेबल लिहिणारा माणूस समोरच्यालाच विचारून लिहितो.

बायकोच्या दोन्ही किडन्यांनी वर्षभरापूर्वी काम थांबवलं होतं, लघवी जवळजवळ बंदच होती. आठवड्यातून तीन सकाळी ती डायलिसिसच्या खुर्चीत चार-चार तास बसायची. डाव्या हातात शिरा जोडून सुया घालायला जी जागा केलेली असते, तिला फिस्टुला म्हणतात. ती एकदा बंद पडून पुन्हा सुरू केली होती. "आणखी एकदा बंद पडली तर मानेतून नळी घालावी लागेल, आणि ते फार दिवस चालवता येत नाही," असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मृत दात्याच्या किडनीसाठी नाव नोंदवलं होतं. त्या यादीत आमचा नंबर बघून मी यादी पुन्हा घडी करून ठेवली होती.

मी विमा कंपनीत दावे तपासतो. कुणाचं गोदाम जळलं, कुणाची गाडी चोरीला गेली, कुणाची सासू दोन वर्षांत दुसऱ्यांदा वारली, हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. खोटं बोलणारा माणूस मला वासावरून कळतो, अशी ऑफिसात माझी ख्याती आहे. ती या प्रकरणात कुठेही उपयोगी पडली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

किडनी द्यायला अर्थातच पहिला मी उभा राहिलो. निदान तसं म्हणालो, आणि चारचौघांत म्हणालो, त्यामुळे मागे फिरायची सोय उरली नव्हती. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी रिपोर्ट आधी सरळ बघितला, मग चष्मा काढून बघितला.

"तुमची चालणार नाही. पेशंटच्या रक्तात तुमच्याविरुद्ध अँटिबॉडीज आहेत."

"माझ्याविरुद्ध? म्हणजे कुठल्याही परक्या माणसाविरुद्ध, असं ना?"

"नाही. खास तुमच्याविरुद्ध."

बायको खुर्चीत सावरून बसली. कित्येक महिन्यांनी तिच्या तोंडावर जरा रंग आला. "किती आहेत?" तिने विचारलं.

"भरपूर."

"वाटलंच होतं मला," ती म्हणाली. "फक्त रिपोर्ट हातात नव्हता."

डॉक्टरांनी मग चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर समजावून सांगितलं. आपल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर एक ओळखपत्र चिकटवलेलं असतं. अर्धं ओळखपत्र आईकडून येतं, अर्धं बापाकडून. शरीरात पहारा देणाऱ्या पेशी दिवसभर तेवढंच करतात: ओळखपत्र बघायचं, आपलं असेल तर सोडायचं, परकं असेल तर ठोकायचं. मूल पोटात असतं तेव्हा त्याच्या अंगावर अर्धं ओळखपत्र नवऱ्याचं असतं. नऊ महिने आईचा पहारा ते बघून घेतो. काही बायकांच्या बाबतीत तो ते कायमचं लिहून ठेवतो. आमच्या घरी तो दोनदा बघून गेला होता आणि दोन्ही वेळेला त्याने सविस्तर लिहून ठेवलं होतं.

"म्हणजे लग्नाला एकतीस वर्षं झाली ते एक," मी म्हणालो, "आणि आत हे चालू होतं?"

"आत तेवढंच चालू होतं," बायको म्हणाली. "बाहेर मी समजून घेत होते."

मुलगा आणि मुलगी दोघंही तपासून घेतले. अंगावर अर्धा माल माझाच, आणि ओळखपत्राचा नेमका ज्याच्यावर बायकोचा राग होता तोच संच दोघांनीही उचललेला. दोघंही बाद. मुलगी आईच्या गळ्यात पडून रडली. मुलगा माझ्याकडे असा बघत होता, जणू मी त्याला मुद्दाम सदोष वस्तू दिली.

राहिले बायकोचे दोन भाऊ.

"भावंडांचा हिशोब सोपा असतो," डॉक्टरांनी पुन्हा चिठ्ठी उलटी केली. "बापाकडे दोन संच, आईकडे दोन. प्रत्येक मुलाला एकेक मिळतो. म्हणून दोन भावंडं तंतोतंत जुळण्याची शक्यता चारात एक. निम्मं जुळण्याची चारात दोन. काहीच न जुळण्याची चारात एक."

"काहीच न जुळणारा सख्खा भाऊ?"

"असतो," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला नाहीये का भाऊ?"

मला आहे. मी विषय बदलला.

बायकोचे दोन्ही भाऊ शहराच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात कामाला. थोरल्याला सगळे दादा म्हणतात. वय त्रेसष्ट, निवृत्तीनंतर कंत्राटावर पुन्हा तिथेच, कारण तिथला कुठला व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला उलटा फिरतो हे फक्त त्यालाच माहीत. धाकटा एकोणपन्नास वर्षांचा. त्याला सगळे पैलवान म्हणतात. कुस्ती त्याने कधी खेळली नाही. फक्त ती खेळली असती तर काय झालं असतं, हे त्याच्याकडे बघून लक्षात येतं. गाळ काढायला तो टाकीत कमरेइतक्या चिखलात उतरतो. पंपाची मोटर एकट्याने हलवतो. दोघांचे चेहरे सारखे, मिशा सारख्या, आणि ओळखपत्रावरचे फोटो तर एकाच दिवशी एकाच शर्टात काढलेले, कारण त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट एकच होता.

त्यांच्या कामाची एक पद्धत आहे, ती समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. केंद्राच्या दारात हजेरीचं मशीन आहे. त्यात आपलं कार्ड सरकवायचं. तीस वर्षं या दोघांत जो आधी पोचेल तो दोघांचीही कार्डं सरकवतो. यात लबाडी नाही. दुसरा येतोच, फक्त अर्ध्या तासाने. तसंच पाण्यातल्या क्लोरीनचं रीडिंग दर तासाला लिहायचं असतं. ते शिफ्ट संपताना आठही एकदम लिहितात, वेगवेगळ्या पेनांनी. पाणी शुद्ध असतं. शहर जिवंत आहे. त्यामुळे या पद्धतीत काही खोट आहे असं त्यांना कधी वाटलं नाही.

दोघांनाही निरोप गेला तसे दोघंही लगेच आले. दादा दारातूनच बाही वर करत आला.

"बेबी, दोन्ही घे माझ्या," तो बायकोला म्हणाला. चोपन्न वर्षांच्या बाईला बेबी म्हणणारा तो जगातला शेवटचा माणूस.

डॉक्टरांनी त्याला समजावलं. वय त्रेसष्ट, अकरा वर्षांपासून शुगर, किडनी घेता येणार नाही. दादाला ते पटेना. "तपासून तर बघा," म्हणून तो हटून बसला, म्हणून लॅबवाल्या मुलीने त्याचं रक्त घेतलं. बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन हा त्रेसष्ट वर्षांचा माणूस भिंतीकडे तोंड करून रडला. मी त्याला पाणी आणून दिलं. त्याने ग्लासातलं पाणी उजेडाकडे धरून बघितलं, गढूळपणा तपासला, आणि मगच प्यायला.

पैलवान म्हणाला, "मी उद्या सकाळी येतो. आज उपाशी नाहीये."

या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही. पण हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या नावाचं रक्त लॅबमध्ये जमा झालेलं होतं.

"पैलवानाने रक्त दिलं?" बायकोने विचारलं. "आणि चालत घरी गेला?"

"का? उडत जाणार होता?"

"अहो, नवव्या वर्षी शाळेत लस टोचायला आले होते तेव्हा तो रांगेत आडवा झाला. समोरच्या मुलाला टोचत होते, ते बघून. लग्नाआधी रक्तगट तपासायचा होता, तर तीन महिने लग्न पुढे ढकललं."

"बहिणीसाठी माणूस बदलतो," मी म्हणालो. दावे तपासणाऱ्या माणसाने हे वाक्य उच्चारलं, याची नोंद असावी.

आठवड्याने रिपोर्ट आले. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू होतं. दादा तंतोतंत जुळत होता: ओळखपत्रावरच्या खुणा सहापैकी सहा. आणि पैलवान? तोही सहापैकी सहा! दोघंही भाऊ बहिणीशी तंतोतंत, बायकोच्या अँटिबॉडीजना दोघांबद्दलही काही तक्रार नाही. दादा शुगरमुळे बाद. पण पैलवान दणकट, तरुण, निरोगी. मी घरी येऊन कागदावर गणित मांडलं: चारात एक गुणिले चारात एक, म्हणजे सोळात एक. ही गोष्ट मी सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितली, आवाज दाटून येईल अशा बेताने. ऑफिसात एखाद्याने सोळात एक असा योगायोग माझ्यासमोर ठेवला असता तर मी त्याच्या घरी माणूस पाठवला असता.

पैलवान एका रात्रीत मोठा झाला. केंद्राच्या ग्रुपवर त्याचा फोटो लागला, खाली किडनीचं चित्र. ते चित्र काजूचं होतं, पण भावना पोचल्या. नातेवाईक त्याच्या घरी जाऊन त्याच्या पोटाकडे आदराने बघून आले. कुणी काही म्हटलं की तो खाली मान घालून म्हणायचा, "माझं काय त्यात? सगळं दादाचंच आहे." हे ऐकून बायकांचे डोळे भरून यायचे. इतका विनय!

मग दात्याच्या मुख्य तपासण्या आल्या. प्रत्यारोपणाचं सगळं जुळवून आणणाऱ्या समन्वयक बाईंनी यादी दिली: अकरा छोट्या बाटल्या रक्त, बाकी एक्स-रे, सोनोग्राफी, छातीची पट्टी म्हणजे ईसीजी. पैलवानाने सोनोग्राफी स्वतः करून घेतली. छातीची पट्टी काढायला तर तो शर्ट काढूनच घरून निघाला होता. अकरा बाटल्याही वेळेवर जमा झाल्या.

चौथ्या दिवशी समन्वयक बाईंनी मला फोन करून बोलावून घेतलं.

"शुगर आहे," त्या म्हणाल्या. "उपाशीपोटी थोडीच जास्त आहे, पण तीन महिन्यांची सरासरी नऊच्या वर. म्हणजे बरीच जुनी. किडनी घेता येणार नाही."

"पण त्याला तर कधी…"

"अनेकांना माहीत नसतं. शिवाय घराण्यात आहेच ना? थोरल्या भावाला आहे."

डॉक्टरांनीही मान हलवली. आनुवंशिकता, ते म्हणाले. जे ओळखपत्र सारखं, त्याच्यासोबत काही आजारही सारखे येतात. मला ते लगेच पटलं. आनुवंशिकता हे फार समजूतदार शास्त्र आहे; कुठलीही चुकीची माहिती पुढे ठेवा, ते बिचारं तिचंही कारण शोधून देतं.

ती सकाळ मी विसरणार नाही. बायको डायलिसिसच्या खुर्चीत होती. मी सांगितलं. 

"त्याला सांगा, वाईट वाटून घेऊ नकोस," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "यादीत आपला नंबर कितवा म्हणालात?"

मी म्हणालो, "बघतो." त्याच आठवड्यात फिस्टुला पुन्हा मंद चालायला लागली होती. हे मी तिला सांगितलं नाही, आणि तिला माहीत असल्याचं तिने मला सांगितलं नाही. एकतीस वर्षांत आम्ही एवढे तरी जुळलो होतो.

इकडे पैलवानाच्या घरी वेगळंच सुरू झालं. त्याची बायको, जिला सगळे पैलवानीणबाई म्हणतात, ती कामाला लागली. साखरेचा डबा शेजारणीकडे गेला. भात बंद. चहा बिनसाखरेचा आणि तोही अर्धा. पैलवानाने दोनदा तोंड उघडलं, पण काय सांगणार? खरं सांगावं तर बहिणीसाठीच्या तपासणीत काय झालं ते सांगावं लागणार. तो काकडी खात राहिला. डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं की तो सुईच्या भीतीने बाथरूममध्ये जाऊन बसायचा. शेवटी पैलवानीणबाईने स्वतःच तोडगा काढला. थोरल्या जावेकडून दादाच्या गोळ्यांची एक पट्टी आणली. आजार तोच, घराणं तेच, मग गोळी वेगळी कशाला? दादाला यातलं काही माहीत नव्हतं. पैलवानाने रोज सकाळी बायकोदेखत गोळी गिळली, कारण ती जीभ वर करून बघायची.

निरोगी माणूस, उपाशी पोट आणि वर शुगर उतरवायची गोळी. नवव्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास पैलवान वाळूच्या गाळणीच्या कठड्यावर घामाने निथळत उभा राहिला, केंद्रातल्या केमिस्ट बाईंना "ताई, पाण्याला वास येतोय" असं काहीतरी म्हणाला आणि मागच्या मागे कोसळला. गाळणीत नाही, बाहेर. शहराचं नशीब.

मी पोचलो तेव्हा तो आमच्याच हॉस्पिटलच्या अपघात विभागात पडलेला. हातातून ग्लुकोज चालू. शुगर बेचाळीस. शुद्धीवर आला, हाताकडे बघितलं, सुई दिसली, आणि पुन्हा बेशुद्ध पडला.

तिथली डॉक्टर तरुण होती आणि तिला गोष्टी तिथल्या तिथे मिटवायची सवय नव्हती. "हा पेशंट डायबेटिक आहे असं कोण म्हणालं?" तिने विचारलं.

"तुमचंच हॉस्पिटल म्हणालं," पैलवानीणबाईने पर्समधून रिपोर्ट काढला. "तीन आठवड्यांपूर्वी."

"यात तीन महिन्यांची सरासरी नऊ पूर्णांक एक आहे. आत्ता मी केली, ती पाच पूर्णांक दोन. सरासरी तीन आठवड्यांत अशी उतरत नाही. काकडीने तर नाहीच." तिने दोन्ही कागद माझ्या हातात दिले. "हे दोन वेगळ्या माणसांचं रक्त आहे."

मी कागद शेजारीशेजारी धरले. आणि मग, उशिरा का होईना, माझ्यातला दावे तपासणारा जागा झाला. सहापैकी सहा आणि सहापैकी सहा. सोळात एक. आणि "सगळं दादाचंच आहे".

वर बघितलं तर दादा दारात उभा होता, गणवेशाची टोपी हातात घेऊन.

"दादा," मी म्हणालो, "पैलवानाचं रक्त कुणी दिलं?"

"दिलं म्हणजे…" तो टोपी फिरवत म्हणाला, "मी त्याची हजेरी लावली, दाजी."

पैलवानीणबाईने पर्स खाली ठेवली. ते बघून दादा दोन पावलं मागे सरला आणि तिथून बोलत राहिला. "तो म्हणाला, दादा, सुई बघवत नाही, तू जा. मी गेलो. नेहमीसारखा. लॅबमध्ये त्या सकाळी दुसरीच मुलगी होती, तिने नाव विचारून लिहिलं. वाटलं, माझी किडनी तर घेत नाहीत, निदान रक्त तरी कामी येईल."

"आणि दुसऱ्यांदा? अकरा बाटल्या? तुला शुगर आहे हे तुला माहीत नव्हतं?"

"होतं ना. म्हणून तर दोन दिवस जेवलो नाही, आणि सकाळी टाकीभोवती चाळीस फेऱ्या मारल्या. रीडिंग बरोबर आणलं होतं मी!" दादाचा आवाज चढला. "त्या दिवशीचं रीडिंग बघा म्हणावं! तीन महिन्यांचं कुणी विचारलं होतं? न सांगता मागचं मोजतात, ही काय पद्धत झाली?"

तेवढ्यात पैलवान शुद्धीवर आला. या वेळी तरुण डॉक्टरने त्याच्या हातावर आधीच टॉवेल टाकून ठेवला होता.

"तू!" मी त्याच्या खाटेजवळ गेलो. मला एवढं रागावता येतं हे मलाही माहीत नव्हतं. "तिकडे ती यादीतला नंबर मोजतेय. तिची फिस्टुला कधीही बंद पडेल. आणि तू सुईला घाबरतोस म्हणून किडनी द्यायचं टाळलंस?"

"किडनी?" पैलवान उठून बसायला लागला. त्याच्या डोळ्यांत खरोखर आश्चर्य होतं. "दाजी, किडनी द्यायला मी कधी नाही म्हणालो? आजही घ्या. आत्ता घ्या. मी सुई नको म्हणालो."

"आणि किडनी काय तोंडातून काढतात?"

"भूल देतात ना तेव्हा," तो म्हणाला. "भूल दिल्यावर त्यांनी काहीही टोचावं."

भूलसुद्धा सुईतूनच देतात, हे सांगायला तरुण डॉक्टर पुढे झाली होती. मी तिला डोळ्यांनी थांबवलं.

समन्वयक बाईंना कळलं तेव्हा त्या आधी बसल्या, मग उठल्या, मग पुन्हा बसल्या. वीस वर्षांत त्यांनी खोटे नवरे पाहिले होते, खोटे चुलतभाऊ पाहिले होते. पण खरा भाऊ, खऱ्या भावाच्या नावाने, खऱ्या बहिणीसाठी, खोटं रक्त देतो, याला त्यांच्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता. सगळी कागदपत्रं नव्याने करायला लागली. प्रत्यारोपणाला परवानगी देणाऱ्या समितीसमोर दोघांनी लेखी माफी मागितली. दोन्ही माफ्या एकाच अक्षरात होत्या, त्या परत पाठवल्या गेल्या. त्या दिवसापासून हॉस्पिटलात रक्त देताना बाटलीसकट दात्याचा फोटो काढायचा नियम झाला.

पण मूळ प्रश्न तसाच होता, आणि आता तर जास्त अवघड. पैलवानाची शुगर उत्तम होती. जुळणी मात्र कुणालाच माहीत नव्हती. सहापैकी सहा हे दादाचे मार्क. पैलवानाचे चारात एक, चारात दोन, की चारात एक? त्याच्याकडे आईबापांचे कुठले संच आलेत, आणि त्यातल्या एखाद्यावर बायकोच्या अँटिबॉडीज तुटून पडणार का, हे सांगायला एकच गोष्ट हवी होती: त्याचं स्वतःचं रक्त, आणि तेही तो जागा असताना. अपघात विभागात घेतलेलं चाललं नसतं, कारण फोटोत डोळे उघडे लागतात.

लॅबमध्ये तो दोनदा आला आणि दोनदा आडवा झाला. दुसऱ्यांदा पडताना त्याने सलाइनचा स्टँड आणि एक शिकाऊ नर्स सोबत नेली. शेवटी बायकोच म्हणाली, "माझ्याकडे आणा त्याला."

सकाळची वेळ. डायलिसिसच्या हॉलमध्ये बारा खुर्च्या, बारा मशीनं. शेजारच्या खुर्चीत पैलवानाला बसवला. बायकोने डाव्या हातावरची चादर बाजूला केली. दोन सुया, काडेपेटीच्या काडीएवढ्या जाड, आत गेलेल्या.

पैलवानाने डोळे मिटले.

"उघड," ती म्हणाली.

"ताई, नको ना."

"उघड म्हणते ना! या दोन. आठवड्यातून तीनदा. वर्षभर. मोज."

"मला गणित येत नाही."

"तीनशेच्या वर होतात. मी एकदा तरी पडले का रे?"

"तू पहिल्यापासूनच निगरगट्ट आहेस."

"आणि तू? माझ्या दप्तरात मेलेला सरडा घातलास तेव्हा कुठे गेली होती भीती?"

"तो मी नव्हतो, दादा होता!"

"तोही दादाच?" बायको कडाडली. हॉलमधले दहाही पेशंट वळून बघायला लागले. "दप्तरात सरडा दादाने घातला, मार दादाने खाल्ला, रक्त दादाने दिलं! मग तू जन्माला आलास कशाला? तेही दादालाच सांगायचं होतंस!"

"ताई, ऐक तर! सरडा मेलेला नव्हता, तो आधी जिवंत होता, आणि दादा म्हणाला की…"

"झालं," लॅबवाली म्हणाली.

पैलवानाने खाली बघितलं. कोपरात कापूस होता. लॅबवालीच्या हातात चार भरलेल्या बाटल्या होत्या. कुणीतरी फोटो काढला. त्यात त्याचे डोळे उघडे आहेत, तोंडही उघडं आहे, आणि ताईने त्याचं मनगट पकडलेलं आहे. एवढं झाल्यावर तो सावकाश, कुणालाही धक्का न लावता, खुर्चीतल्या खुर्चीत बेशुद्ध पडला.

आठ दिवस आम्ही वाट बघितली. दादाने रोज फोन करून "आला का?" विचारलं. मी बायकोच्या नकळत चारात एकचं गणित परत परत मांडत होतो, जणू मांडून ते बदलणार होतं.

रिपोर्ट आला: सहापैकी तीन.

"निम्मंच," मी डॉक्टरांना म्हणालो. "आणि दादा तंतोतंत."

"हो," डॉक्टर म्हणाले. "पण क्रॉसमॅच बघा ना." पैलवानाच्या पेशी आणि बायकोच्या रक्तातलं पाणी एकत्र करून ठेवलं होतं. पेशी मेल्या असत्या तर सगळं संपलं असतं. एकही मेली नव्हती. बायकोच्या पहाऱ्याने पैलवानाला नीट बघितलं होतं आणि सोडून दिलं होतं.

"मग निम्मं जुळलं तरी चालतं?"

"चालतं की. फरक पडतो, नाही असं नाही. पण आता औषधं इतकी चांगली आहेत की तेवढ्यासाठी आम्ही थांबत नाही. काहीच न जुळणाऱ्याचीही लावतो."

"मग तुम्ही सहापैकी सहा बघून एवढे हसलात का?"

डॉक्टर जरा विचारात पडले. "बरं वाटतं हो बघायला," ते म्हणाले.

म्हणजे पैलवान पहिल्याच दिवशी स्वतः आला असता, तर तीन मार्कांतच पास होता.

महिन्याभरात तारीख मिळाली. ऑपरेशनच्या सकाळी पैलवानाला आत नेताना त्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधला होता. हा हॉस्पिटलचा नियम नव्हता, पैलवानीणबाईचा होता. दादा केंद्रातून रजा घेऊन आला होता. "कार्ड?" मी विचारलं. "कुणाला सांगितलं नाही लावायला," तो म्हणाला, आणि त्या दिवसाची त्याची गैरहजेरी लागली. आम्ही दोघं बाकावर बसलो. पहिल्या चार तासांत तो तीनदा म्हणाला, "दाजी, आत आहे तो पैलवानच ना?" मी दोनदा हो म्हणालो आणि तिसऱ्यांदा उठून काचेतून खात्री करून आलो.

संध्याकाळी शल्यविशारद बाहेर आले आणि मास्क खाली करून म्हणाले की दोघंही ठीक आहेत. दादाने त्यांचा हात धरला. त्याला बरंच काही बोलायचं होतं: भाऊ, बहीण, आईबाप, एकाच घरातली माणसं, असं. ते सगळं त्याने घाईघाईने जमवलं आणि तो बोलू लागला. शल्यविशारदांनी सवयीने मान डोलावली, घड्याळ बघितलं आणि चहा प्यायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी नर्सने बायकोच्या खाटेखालची पिशवी मोजली आणि तक्त्यावर आकडा लिहिला. पहिल्या चोवीस तासांत पेशंटला साडेसहा लिटर लघवी झाली.